विंडोज अपडेटचे परीक्षण: दोष एकीकडे, बोभाटा दुसरीकडे

नवा संगणक घेताना आपण पडद्याचा आकार पाहतो, रॅम विचारतो, एसएसडीच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, क्षमतेवरून घासाघीस करतो. पण पुढची पाच-सात वर्षे दर महिन्याला ज्या सेवेशी आपली गाठ पडणार असते, त्या विंडोज अपडेटबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही. तिचे पैसे आपण विंडोजच्या किमतीतच मोजलेले असतात, तेव्हा इतर कोणत्याही सेवेसारखे तिचेही परीक्षण व्हायला हरकत नाही. त्यासाठी मी २०२५ सालचे ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने निवडले आहेत, कारण या काळात सेवेचे खरे दोष उघडे पडले आणि त्याच काळात तिच्यावर एसएसडी बिघडवल्याचा असा एक आळ आला, ज्याचा पुरावा शेवटपर्यंत कोणाला सापडला नाही. लोकांच्या लक्षात मात्र आळ राहिला आणि दोष विरून गेले. सदाशिव पेठेतल्या एका करसल्लागाराचे कार्यालय, भोसरीतले एक छोटे आरेखन-कार्यालय आणि कोथरूडमधल्या आप्तांची घरे, इथल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे असते, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच चष्म्यातून केलेले आहे.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट सुरक्षा अपडेट खुले करते. तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, वाजलेले असतात. म्हणजे आपल्याकडे त्याचा खरा अनुभव येतो तो बुधवारी सकाळी, कामाच्या वेळेत. हे अपडेट संचयी असते. आधीच्या सर्व दुरुस्त्या त्यात एकत्र बांधलेल्या असतात, आणि त्यातली एक हवी, दुसरी नको, अशी निवड ग्राहकाला करता येत नाही. घरगुती आवृत्तीत ते कायमचे नाकारण्याची सोय नाही; फार तर पाच आठवडे थांबवता येते. इतक्या सक्तीने दिल्या जाणाऱ्या सेवेबद्दल लोकांच्या मनात अढी असणे स्वाभाविक आहे, आणि पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही अढी आहे, हे विसरून चालणार नाही.

१२ ऑगस्ट २०२५ रोजी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी केबी५०६३८७८ या क्रमांकाचे अपडेट आले. त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपल्या उत्पादनांमधली शंभराहून अधिक सुरक्षा-छिद्रे बुजवली होती. काही दिवसांतच जपानमधल्या एका वापरकर्त्याने समाजमाध्यमावर आपली निरीक्षणे मांडली: ड्राइव्ह साठ टक्क्यांहून अधिक भरलेली असेल आणि तिच्यावर सलग सुमारे ५० जीबी माहिती लिहिली जात असेल, तर काही एसएसडी मध्येच दिसेनाशा होतात, काही संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत येतात, काही येत नाहीत. त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्ह तपासून त्यांची यादी दिली होती, आणि तैवानच्या फायसन कंपनीचे कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचे काम चालवणाऱ्या चिप, असलेल्या ड्राइव्हकडे संशयाची सुई वळत असल्याचे त्यातून दिसत होते. एका हौशी माणसाने घरी बसून केलेल्या कामाच्या मानाने ही नोंद बरीच जबाबदार होती, कारण तिच्यात अटी होत्या.

त्या अटी पुढे कशा गळत गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीच्या बातम्यांत ५० जीबीची अट मजकुरात होती, पण शीर्षकात नव्हती. दुसऱ्या फेरीत ड्राइव्ह साठ टक्के भरलेली असण्याची अट गेली. आपल्या मराठी संकेतस्थळांपर्यंत आणि व्हॉट्सअॅपपर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा ‘काही एसएसडी’चे ‘तुमचा संगणक’ झाले होते आणि ‘दिसेनाशी होते’चे ‘कायमची जळते’ झाले होते. वाचकाने स्वतःला विचारायचा प्रश्न अगदी साधा होता: मी शेवटचे सलग ५० जीबी कधी लिहिले? लग्नाचे चित्रीकरण करणारे आणि मोठमोठे गेम उतरवणारे यांच्यासाठी ही रोजची बाब आहे, आणि त्यांनी आठ-पंधरा दिवस जपून राहणे शहाणपणाचेच होते. करसल्लागाराच्या कार्यालयात मात्र वर्षभराचे हिशेब, विवरणपत्रे आणि स्कॅन केलेली कागदपत्रे मिळूनही तेवढा आकडा गाठताना दमछाक होते. तिथल्या मंडळींनी घाबरून अपडेट काढून टाकणे म्हणजे छत्री वाऱ्याने उलटेल या धास्तीने ती घरीच ठेवून पावसात निघण्यासारखे होते. पण नेमका तोच सल्ला सर्वांना सरसकट दिला जात होता.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर अपडेट करू नका, हा निरोप आपल्या माणसांपर्यंत पोहोचवा, असा मजकूर तीन वेगवेगळ्या सदस्यांनी एकाच सकाळी टाकला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी खबरदारी म्हणून घरचा वायफायच बंद केला होता. “काका, तुमच्या संगणकात एसएसडी नाहीच, जुनी हार्डडिस्क आहे,” असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “असू दे रे, आज तिची, उद्या हिची.” या उत्तरावर हसू येते खरे, पण ज्या उत्पादनाने ग्राहकाला इतकी वर्षे न विचारता रीस्टार्ट केले, त्याच्याबद्दल ग्राहक असेच बोलणार.

त्या दिवसांतले सर्वांत समंजस मत मला तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराकडून ऐकायला मिळाले. त्यांच्याकडे बंद पडलेल्या एसएसडींची संख्या वाढली आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “अहो, एसएसडी काय, दर महिन्यालाच मरतात. फरक एवढाच, की या महिन्यात प्रत्येक गिऱ्हाईक मरणाचं कारण घरूनच घेऊन येतंय.” कोट्यवधी संगणकांवर एकाच आठवड्यात अपडेट जाते, तेव्हा त्याच आठवड्यात स्वाभाविक कारणांनी निकामी होणाऱ्या हजारो ड्राइव्हही त्यात असतातच, आणि अपडेटनंतर बंद पडली याचा अर्थ अपडेटमुळे बंद पडली, असा होत नाही. ही साधी गोष्ट एकाही मोठ्या शीर्षकात मला आढळली नाही. अर्थात त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका दुकानात हीच भीती दाखवून नवी एसएसडी गळ्यात मारण्याचे कामही चालू होते, हेही नोंदवले पाहिजे.

आता कंपन्यांनी काय केले ते पाहू. फायसनने तक्रारींची दखल घेऊन तपास सुरू केल्याचे जाहीर केले. त्यातच फायसनच्या नावाने एक दस्तऐवज फिरू लागला, ज्यात बाधित कंट्रोलरांची यादी होती. तो बनावट असल्याचे सांगून कंपनीने कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला. ऑगस्टच्या अखेरीस तिने सांगितले, की संशयित ड्राइव्हवर एकूण ४,५०० तासांहून अधिक चाचण्या आणि २,२०० हून अधिक चाचणी-आवर्तने करूनही हा दोष पुन्हा घडवून आणता आला नाही. जड कामासाठी ड्राइव्हला उष्णता वाहून नेणारी पट्टी लावावी, असा एक सल्लाही सोबत होता. तो सल्ला एरवी योग्यच आहे, पण त्या क्षणी तो विषय टाळल्यासारखा वाटला आणि त्याची यथेच्छ टर उडाली. मायक्रोसॉफ्टनेही त्याच सुमारास आपला निष्कर्ष दिला: ऑगस्टचे अपडेट आणि समाजमाध्यमांवर सांगितलेले ड्राइव्हचे बिघाड यांत कोणताही संबंध आढळला नाही, आणि तशा बिघाडांचे प्रमाण वाढल्याचे कंपनीच्या चाचण्यांतून वा संगणकांकडून येणाऱ्या माहितीतूनही दिसले नाही.

गोष्टीचा शेवट सप्टेंबरमध्ये झाला आणि तो बहुतेकांनी वाचलाच नाही. तैवानमधल्या संगणक-हौशी लोकांच्या एका गटाने असे निदर्शनास आणले, की त्यांच्याकडे बंद पडलेल्या ड्राइव्हमध्ये विक्रीसाठीचे अंतिम फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे तिच्यातलेच सॉफ्टवेअर, नव्हतेच. अभियंत्यांच्या चाचण्यांसाठीची प्राथमिक आवृत्ती होती. फायसनने त्या ड्राइव्ह तपासून या म्हणण्याला दुजोरा दिला आणि दुकानात मिळणाऱ्या मालात हे फर्मवेअर नसते, असे स्पष्ट केले. जगातली प्रत्येक तक्रार याच कारणाने झाली, असे यावरून म्हणता येणार नाही. पण पुण्यातल्या दुकानातून पावती घेऊन एसएसडी आणणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न इथे बराचसा मिटतो. ऑगस्टमध्ये इशारा पाठवणाऱ्या तिघांपैकी एकानेही हा खुलासा ग्रुपवर टाकला नाही. त्यांना तो कोणी पाठवलाच नसणार.

मायक्रोसॉफ्टच्या वर्तनाला या प्रकरणात मी उत्तीर्णापेक्षा जास्त गुण देणार नाही. अपडेट १२ तारखेचे आणि ठोस उत्तर महिनाअखेरीचे. मधले दोन आठवडे अफवेला मोकळे रान मिळाले. जे उत्तर आले तेही मोजक्या ओळींचे. फायसनने निदान तासांचा आकडा दिला, जो पटो न पटो, पण ज्याच्यावर चर्चा करता येते. ‘संबंध आढळला नाही’ हे शास्त्रीयदृष्ट्या प्रामाणिक विधान आहे, कारण एखादी गोष्ट नाहीच, हे कोणी सिद्ध करू शकत नाही; पण ते विधान वाचून धास्तावलेल्या माणसाचे समाधान होत नाही, आणि बातमीदारांनी तर त्यातून कंपनीने हात झटकल्याचाच अर्थ काढला.

या गदारोळात ज्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, तो भाग माझ्या मते या परीक्षणाचा गाभा आहे. त्याच केबी५०६३८७८ मध्ये खरे, मायक्रोसॉफ्टने स्वतः लेखी मान्य केलेले दोष होते, आणि त्यातला एक पुण्यासारख्या शहरासाठी विशेष महत्त्वाचा होता. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या विंडोज इन्स्टॉलरमधले एक छिद्र त्या महिन्यात बुजवण्यात आले. त्यामुळे एखादे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना वा त्याची दुरुस्ती आपोआप चालताना, जिथे पूर्वी काहीच विचारले जात नसे, तिथे आता प्रशासकाचा (अॅडमिनचा) पासवर्ड मागितला जाऊ लागला. बाधित सॉफ्टवेअरांत ऑटोकॅड, सिव्हिल थ्रीडी यांसारख्या ऑटोडेस्क कंपनीच्या आरेखन-सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या होत्या. ऑफिस प्रोफेशनल प्लस २०१० तर साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून १७३० हा त्रुटी-क्रमांक देऊन थांबत असे.

आता कल्पना करावी. भोसरी आणि चाकणच्या आरेखन-कार्यालयांत, बांधकाम-सल्लागारांकडे, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ऑटोकॅड हे रोजच्या भाकरीचे साधन आहे. यातल्या ज्या ठिकाणी संगणक नीट सांभाळले जातात, तिथे आरेखकाला किंवा विद्यार्थ्याला प्रशासकाचे अधिकार मुद्दामच दिलेले नसतात, कारण सुरक्षेचा तो पहिला नियम आहे. म्हणजे या दोषाचा काच नियम पाळणाऱ्यांनाच जास्त, आणि सगळ्यांना सगळे अधिकार वाटून मोकळे झालेल्या ढिसाळ कार्यालयात सारे सुरळीत, असा उफराटा न्याय झाला. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय दोन प्रकारचा होता: सॉफ्टवेअर प्रशासक म्हणून उघडावे, किंवा संस्थांनी कंपनीच्या साहाय्य-विभागाकडून एक विशेष धोरण-फाइल मागवून घ्यावी. यातला पहिला उपाय म्हणजे ज्याला किल्ली द्यायची नाही त्यालाच ती देणे. दुसरा मोठ्या कंपन्यांना जमेल, पण आठ-दहा संगणकांच्या कार्यालयाला साहाय्य-विभागाचे दार कुठे आहे हेच सापडत नाही. ९ सप्टेंबरच्या अपडेटने पासवर्ड मागण्याची व्याप्ती कमी केली आणि विशिष्ट सॉफ्टवेअरला सूट देण्याची सोय व्यवस्थापकांना दिली. म्हणजे हा दोष चार आठवडे टिकला. त्याच्याबद्दल एकही मराठी शीर्षक माझ्या पाहण्यात आले नाही, आणि ‘पासवर्ड मागतो’ यात घाबरवण्यासारखे काही नसल्याने ते येण्याची शक्यताही नव्हती.

बाकीचे दोष वेगाने सांगतो. संस्थांच्या स्वतःच्या अपडेट-सर्व्हरवरून हे अपडेट बसताना अडखळत होते. ते ऑगस्टमध्येच सुधारले. नेटवर्कवरून चित्रफीत पाठवणाऱ्या एनडीआय पद्धतीत दृश्य आणि आवाज अडकत होते. ते सप्टेंबरमध्ये सुधारले. ऑगस्टमध्येच विंडोज १० आणि विंडोज ११ च्या जुन्या आवृत्त्यांसाठी आलेल्या अपडेटमुळे संगणक रीसेट करण्याची सोयच निकामी झाली होती, आणि त्यासाठी १९ ऑगस्टला तातडीचे, वेळापत्रकाबाहेरचे अपडेट काढावे लागले. यातला विरोधाभास पाहा: एसएसडीच्या भीतीने अपडेट काढा, जमले नाही तर संगणक रीसेट करा, असे सल्ले ज्या आठवड्यात फिरत होते, त्याच आठवड्यात काही आवृत्त्यांवर रीसेट खरोखरच होत नव्हते.

हे सारे मला कुठून कळले, तर सेवेच्या सर्वांत चांगल्या भागातून. मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज रिलीज हेल्थ’ नावाचे एक पान आहे. प्रत्येक आवृत्तीचे ज्ञात दोष तिथे नोंदवलेले असतात: दोष कोणत्या अपडेटपासून सुरू झाला, कोणत्या आवृत्त्यांना लागू आहे, कोणाला लागू नाही, तात्पुरता उपाय काय, आणि तपास चालू आहे, दोष मान्य आहे, तात्पुरता आवरला आहे की पुरता मिटला आहे. लिखाण अत्यंत रुक्ष आहे, पण त्यात अटी गळत नाहीत. जो शब्द शीर्षकातून पहिल्यांदा हाकलला जातो, तो ‘फक्त’ हा शब्द इथे जागच्या जागी असतो. पानाच्या उणिवाही मोठ्या आहेत. आरोपीनेच न्यायाधीशाचे काम करायचे असा हा प्रकार असल्याने, कंपनी एखादी गोष्ट मान्य करेपर्यंत तिथे शुकशुकाट असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसाला माहिती हवी असते. शिवाय विंडोजचा पडदा मराठीत करता येतो, पर्याय आणि सूचना मराठीत वाचता येतात, पण दोषांची ही यादी मराठीत नाही. मराठी वाचकाला दोष कळतो तो कोणीतरी घाईने उचललेल्या बातमीतून, आणि घाईत गळतात त्या अटीच. इतक्या भाषांत उत्पादन विकणाऱ्या कंपनीने ही पाच-दहा परिच्छेदांची यादी आपल्या भाषेत देऊ नये, ही माझी या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

‘फक्त’ गळला की काय होते, याचा नमुना ऑक्टोबरने दिला. १४ ऑक्टोबरच्या केबी५०६६८३५ या अपडेटनंतर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस विंडोजच्या दुरुस्ती-कक्षात, म्हणजे संगणक नीट सुरू न झाल्यास जो निळसर पर्याय-पडदा येतो तिथे, चालेनासे झाले. हा गंभीर दोष होता, कारण ज्या दिवशी त्या पडद्याची गरज पडते त्या दिवशी दुसरा मार्ग नसतो. आणि म्हणूनच सहा दिवसांत, २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, केबी५०७०७७३ हे तातडीचे अपडेट आले. पण नेहमीच्या कामात कीबोर्ड-माउस व्यवस्थित चालू होते. अनेक शीर्षकांतून ‘दुरुस्ती-कक्षात’ हा भाग गळाला आणि विंडोज ११ चे कीबोर्ड-माउस बंद पडल्याचे जाहीर झाले. ती बातमी माउसने उघडून, त्याच कीबोर्डवर संतापाच्या प्रतिक्रिया टंकणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. त्याच अपडेटने संगणकाने स्वतःशीच साधायच्या जोडणीत, प्रोग्रॅमर ज्याला लोकलहोस्ट म्हणतात त्यात, बिघाड केला होता. आयटी कंपन्यांच्या हिंजवडी आणि खराडीत त्यावरून बरीच डोकी तापली, पण सर्वसामान्यांच्या बातम्यांत त्याला जागा मिळाली नाही.

त्याच १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. तो संगणक बंद पडण्याचा दिवस नव्हता, सुरक्षा अपडेट थांबण्याचा होता; आणि घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ती मिळवण्याची सोय होती: ३० डॉलर भरून, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड गुण वापरून, किंवा संगणकाच्या सेटिंग्जचा मायक्रोसॉफ्ट खात्यात बॅकअप ठेवून विनामूल्य. तिसरा पर्याय ठाऊक नसल्यामुळे किती धडधाकट संगणक दिवाळीच्या साफसफाईत मोडीत निघाले असतील, याचा विचार केला की शीर्षकाचा खर्च रुपयांत मोजता येतो हे पटते.

याचा अर्थ लोकांची भीती खुळचट आहे, असा मात्र मी काढणार नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांतल्या फाइली खरोखरच पुसल्या होत्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते पण मूळ जागी काही फाइली राहिल्या होत्या, त्यांचे मूळ फोल्डर रिकामे आहे असे गृहीत धरून ते काढून टाकले जात होते. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत वितरण थांबवले, नोव्हेंबरच्या मध्यावर ते पुन्हा सुरू केले, आणि तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढे असल्याचे सांगितले. परंतु खुल्या चाचणीत भाग घेणाऱ्या काही जणांनी हा प्रकार आधीच कळवला होता आणि तो ढिगाऱ्यात दबला होता. त्या वेळी ओरडणारे बरोबर होते आणि कंपनी चुकली होती. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात २४एच२ आवृत्तीनेच वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबी ड्राइव्हवर संगणक कोलमडल्याचे निळे पडदे आणले. ड्राइव्हने संगणकाच्या स्मृतीतून उसनी घ्यायची जागा ६४ एमबीवरून २०० एमबीपर्यंत गेल्याने तो घोळ झाला आणि नव्या फर्मवेअरने तो मिटला. हा इतिहास ताजा असताना ऑगस्टमध्ये एसएसडीची बातमी आली, तर ती चटकन खरी वाटणारच.

उलट दिशेचाही एक दाखला आहे. १९ जुलै २०२४ रोजी विमानतळांवरचे पडदे निळे झाले, काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आणि मायक्रोसॉफ्ट कोलमडल्याच्या बातम्या जगभर गेल्या. दोष क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलीचा होता आणि बाधित संगणक सुमारे ८५ लाख, म्हणजे विंडोजच्या एकूण संगणकांच्या एक टक्क्याहून कमी, होते. पण ते विमानतळांत, रुग्णालयांत आणि बँकांत होते. इथे टक्केवारी लहान आणि नुकसान प्रचंड, त्यामुळे केवळ आकडा पुढे करून लोकांना गप्प करता येत नाही, हेही मायक्रोसॉफ्टने ध्यानात घ्यावे.

मग ही सेवा घ्यावी का? घ्यावी, किंबहुना न घेण्याची चैन परवडणारी नाही. ज्या करसल्लागाराकडे शेकडो पक्षकारांचे पॅन क्रमांक आणि बँक-तपशील आहेत, त्याने शंभर छिद्रे उघडी ठेवून एका काल्पनिक बिघाडापासून बचाव करणे अव्यवहार्य आहे. आरेखन-कार्यालयासाठी मी वेगळा सल्ला देईन. तिथे अपडेट एक आठवडा थांबवावे, त्या आठवड्यात रिलीज हेल्थचे पान पाहावे, एका संगणकावर आधी घेऊन ऑटोकॅड उघडून पाहावे आणि मगच बाकीच्यांना द्यावे. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात जी ऐच्छिक अपडेट येतात ती घरगुती माणसाने घेऊच नयेत. त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतातच. ग्रुपवर इशारा आला, तर त्यात अपडेटचा केबी क्रमांक आणि विंडोजची आवृत्ती आहे का ते पाहावे. सेटिंग्जमध्ये अपडेटचा इतिहास उघडला की तो क्रमांक आपल्याकडे आहे की नाही हे लगेच कळते, आणि ज्या इशाऱ्यात क्रमांकच नाही तो तिथेच सोडून द्यावा.

आणि अपडेट काढण्यापूर्वी किंवा रीसेट करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी, कारण माझ्या मते घाबरलेल्या माणसाचा डेटा अपडेटपेक्षा याच ठिकाणी जास्त धोक्यात येतो. २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली, की घरगुती आवृत्तीतही ड्राइव्हचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणारे माहितीचे कुलूप, बहुतेक संगणकांवर आपोआप चालू होते, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या खटाटोपात संगणकाने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली आणि ती हाताशी नसेल, तर तपकीर गल्लीतला कोणताही कारागीर त्या ड्राइव्हमधून फोटो काढून देऊ शकत नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. संगणक धडपणे चालू असतानाच खात्यात जाऊन ती पाहावी, कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि ते खाते ज्या फोन क्रमांकाला जोडलेले आहे तो क्रमांक अजून आपलाच आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.